एकोणीसशे मैल, वीस शिपाई



सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी पहिल्या पाळीचा कामगार हँडलला डबा अडकवून पहाटेच सायकलवर टांग मारायचा. पोस्टमन, दूधवाला, पाववाला, शाळेचा शिपाई, किती जणांचे संसार या दोन चाकांनी ओढले! आजही वाडीवस्तीवरून हायस्कूलला जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुली सायकलवरच जातात. तेव्हा भर उन्हात चढ लागला की मांड्या कशा भरून येतात, वाटेत पंक्चर झाले की सायकल ढकलत नेताना जीव कसा मेटाकुटीला येतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

म्हणूनच या खेपेस आम्ही एका सायकल प्रवासाची हकीकत सांगणार आहोत. प्रवास आहे १८९७ सालचा. अमेरिकेच्या उत्तर सीमेला लागून मोंटाना नावाचे राज्य आहे. डोंगर, जंगल, बर्फ आणि मैलोगणती माणूस दिसणार नाही असा मुलूख. तिथून काही सायकलस्वार निघाले ते दक्षिण-पूर्वेला सेंट लुईस या मोठ्या शहरापर्यंत गेले. अंतर एकोणीसशे मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून जास्त. आपल्या हिशेबाने सांगायचे तर मुंबईहून नागपूरला दीक्षाभूमीवर दोनदा जावे आणि दोनदा परत यावे, त्याहून थोडेसेच कमी. वाटेत पक्की सडक जवळजवळ नाहीच.

आणि हे सायकलस्वार कोण होते? अमेरिकेच्या सैन्यातले वीस काळे शिपाई.

गुलामगिरीनंतरची पलटण

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि त्याच्या शेवटी काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने संपली. या घटनेचे मोल आपल्याकडे सर्वांत आधी ओळखले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसलेल्या एका माणसाला सातासमुद्रापलीकडच्या बेड्या तुटल्याचा आनंद झाला, कारण त्याला इथल्या बेड्या दिसत होत्या.

पण बेडी तुटली म्हणजे मान मिळाला असे होत नाही. १८६६ साली अमेरिकेच्या संसदेने काळ्या शिपायांच्या सहा कायम पलटणी उभारण्याचा कायदा केला. १८६९ साली त्यांची जुळवाजुळव होऊन चार उरल्या : घोडदळाच्या दोन, नववी आणि दहावी, पायदळाच्या दोन, चोविसावी आणि पंचविसावी. शिपाई काळे, वरचे अधिकारी बहुतेक सगळे गोरे. साध्या शिपायाला पगार महिना तेरा डॉलर. या पलटणी बहुतकरून लांबच्या सरहद्दीवर, ओसाड ठाण्यांवर पाठवल्या जात. पंचविसावी पलटण आधी टेक्सासच्या वैराण भागात, मग डाकोटाच्या थंडीत आणि १८८८ पासून मोंटानातील फोर्ट मिसूला या ठाण्यावर होती.

येथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. ही ठाणी उभारली होती ती त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर, म्हणजे आपण ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो त्या लोकांवर, वचक ठेवण्यासाठी. एका नाडलेल्या समाजाच्या हाती बंदूक देऊन दुसऱ्या नाडलेल्या समाजाला दाबून ठेवायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. काळ्या शिपायांना पोटासाठी नोकरी हवी होती, नागरिक म्हणून मान हवा होता. त्यांना तो मिळेल अशी जी थोडीफार दारे उघडी होती त्यांत सैन्याचे दार एक होते.

सायकलची तुकडी

१८९०च्या दशकात सायकलीचे मोठे वेड आले. त्याआधीची सायकल म्हणजे पुढचे चाक माणसाएवढे उंच आणि मागचे इवलेसे. आता दोन्ही चाके सारखी, मागच्या चाकाला चेन आणि हवा भरलेले टायर अशी आजच्यासारखी सायकल निघाली. युरोपातील सैन्ये तिचा उपयोग करून पाहू लागली. फोर्ट मिसूलावर जेम्स मॉस नावाचा एक तरुण गोरा लेफ्टनंट होता. १८९४ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून आपल्या वर्गात शेवटच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला होता. तो हौशी सायकलस्वार होता. घोड्याऐवजी सायकलवर शिपाई नेता येतील का, हे पाहण्याची परवानगी त्याने वरिष्ठांकडे मागितली आणि १८९६ साली सरसेनापती नेल्सन माइल्स यांनी ती दिली. सायकली स्पॉल्डिंग कंपनीने पुरवल्या.

पहिल्या वर्षी आठ शिपाई निवडले. त्यांची कवायत काही साधी नव्हती. सायकलवर ओळीने चालणे, हुकूम होताच उतरणे, नऊ फूट उंचीचे कुंपण सायकलींसह पार करणे, नदीनाले ओलांडणे. पाणी खोल असले की सायकल बांबूसारख्या दांड्याला टांगायची आणि दोघांनी तो दांडा खांद्यावर घेऊन डोलीसारखी पलीकडे न्यायची.

ऑगस्ट १८९६ मध्ये ही तुकडी आधी चार दिवस मॅकडोनाल्ड सरोवराकडे जाऊन आली. नंतर ती यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे निघाली. यलोस्टोन हे १८७२ साली राखून ठेवलेले प्रचंड रान. तिथे जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात आणि गरम झऱ्यांच्या क्षारांनी पांढऱ्या पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर बनले आहेत. जाऊन-येऊन सुमारे आठशे मैलांचा हा प्रवास झाला. त्या पांढऱ्या पायऱ्यांवर आपापली सायकल धरून उभे असलेल्या काळ्या शिपायांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ताठ माना, अंगात गणवेश. ज्या देशात त्यांच्या भाऊबंदांना आगगाडीच्या वेगळ्या डब्यात बसावे लागत होते, त्याच देशाच्या सर्वांत देखण्या जागी ते उभे आहेत. १८९६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे ठेवणे कायदेशीर ठरवले.

चौदा जूनची पहाट

पुढच्या वर्षी मॉसने मोठा बेत आखला. १४ जून १८९७ रोजी पहाटे वीस शिपाई फोर्ट मिसूलाहून निघाले. बरोबर मॉस, सैन्याचे डॉक्टर जेम्स केनेडी आणि स्थानिक वृत्तपत्राचा एकोणीस वर्षांचा बातमीदार एडवर्ड बूस. शिपायांचे प्रमुख होते सार्जंट मिंगो सँडर्स. वय एकोणचाळीस, एका स्फोटात एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. सायकलींच्या दुरुस्तीचे काम जॉन फिंडली या शिपायाकडे होते. सैन्यात येण्यापूर्वी त्याने शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केले होते, म्हणजे हाताला हत्याराची सवय होती.

सामान किती? सायकलच बत्तीस पौंडांची. तिच्यावर घोंगडी, अर्धा तंबू, कपडे, भांडी आणि दोन दिवसांचा शिधा बांधला की एकूण वजन साठ पौंडांच्या घरात, म्हणजे सत्तावीस किलो. अर्धा तंबू अशासाठी की दोघांनी आपापले तुकडे जोडले की रात्रीपुरते एक छप्पर व्हायचे. शिवाय प्रत्येकाजवळ दहा पौंडांची बंदूक आणि पन्नास काडतुसे. शिधा म्हणजे पाव, खारवलेले डुकराचे मांस, डब्यातल्या शेंगाबिया, कॉफी आणि साखर. साधारण दर शंभर मैलांवर रेल्वे स्थानकात पुढचा शिधा आधीच पाठवून ठेवलेला. दोन दिवसांत शंभर मैल काटले तर पोटात काही पडणार, नाहीतर उपाशीपोटी पायडल मारायचे. असा सरळ हिशेब होता.

निघाले आणि पावसाने गाठले. मोंटानाची माती चिकट, आपल्या काळ्या रानातल्या चिखलासारखी. ती टायरला लपेटते, चाक आणि फोर्क यांच्यामध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. शिपाई उतरायचे, काठीने माती खरवडून काढायचे, दहा पावले जायचे, पुन्हा तेच. ज्याने पावसाळ्यात शेताच्या बांधावरून सायकल नेली आहे त्याला हे लगेच कळेल. चिखल फारच झाला की ते रेल्वेच्या रुळांमधून जात. पण तिथे लाकडी स्लीपर. प्रत्येक स्लीपरला एक गचका, हाडे खिळखिळी होईपर्यंत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रॉकी पर्वताचा कणा आडवा आला. या कण्याच्या एका बाजूला पडलेले पाणी एका महासागराला जाते आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. जून महिना, आपल्याकडे मृगाचा पाऊस पडण्याचे दिवस, आणि इथे माथ्यावर बर्फ! गारठलेल्या हातांनी साठ पौंडांची सायकल ढकलत ते वर चढले आणि पलीकडे हेलेना शहरात उतरले. तिथून यलोस्टोन नदीच्या खोऱ्याने बिलिंग्ज. मग वाट लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवरून गेली. १८७६ साली तिथे लाकोटा आणि शायान लोकांनी जनरल कस्टरच्या सैन्याचा पराभव केला होता. एकवीस वर्षांनी त्याच माळावरून काळे शिपाई सायकली हाकत गेले. त्या माळावर दोन्ही बाजूंच्या माणसांची हाडे पडली होती, पण जमीन शेवटी गेली ती मूळ रहिवाशांचीच.

पुढे वायोमिंगचा कोरडा प्रदेश. येथे त्रास पाण्याचा. मैलोगणती पाणी नाही, आणि जे मिळते ते क्षारांचे. ते प्यायले की पोट बिघडते, न प्यावे तर घसा सुकतो. आमच्या ज्या भगिनींनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे किंवा खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर दिवस काढले आहेत त्यांना याची कल्पना येईल.

सर्वांत कठीण मुलूख मात्र नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांचा. थंडी संपली आणि आग सुरू झाली. पारा ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या त्रेचाळीस अंशांवर गेला. घोट्यापर्यंत पाय रुतेल अशी वाळू. तीत सायकल चालवणे शक्यच नाही, ढकलायची किंवा पुन्हा रुळांवर न्यायची. एकशे सत्तर मैलांचा हा पट्टा काटायला साडेचार दिवस लागले. माणसे आजारी पडली. खुद्द मॉस पाण्याने आजारी पडून मागे राहिला आणि काही दिवस तुकडीची जबाबदारी डॉक्टरांनी उचलली. एका शिपायाला वाटेतून परत पाठवावे लागले. बाकीचे चालत राहिले.

मुलांनो, एक गणित करून पाहा. १४ जूनला निघून ते २४ जुलैला सेंट लुईसला पोहोचले. दोन्ही दिवस धरून एक्केचाळीस दिवस होतात. एकोणीसशे मैलांना एक्केचाळीसने भागा. थांबलेले, आजारपणाचे, दुरुस्तीचे दिवस धरूनही रोजचे सेहेचाळीस मैल पडतात. ते दिवस वजा केले तर रोजचे पन्नास मैलांहून जास्त.

ज्या शहरात ते पोहोचले

सेंट लुईस हे मिसुरी राज्यातले शहर, आणि मिसुरी हे १८६५ पर्यंत गुलामगिरीचे राज्य. याच शहराच्या कोर्टात १८४६ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाने आपल्या सुटकेसाठी दावा लावला होता. तो दावा अकरा वर्षे चालला. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. त्या निकालानंतर चाळीस वर्षांनी, त्याच शहरात, धुळीने माखलेले काळे शिपाई त्याच देशाचा गणवेश घालून सायकलींवरून शिरले. शहरातले सायकलस्वार त्यांना सामोरे आले. फॉरेस्ट पार्क या बागेत त्यांचा तळ पडला तेव्हा त्यांना पाहायला हजारो लोक लोटले.

एक्केचाळीस दिवसांत सायकलींनी आणि माणसांनी जे सोसले त्याचा सैन्याने हिशेब मांडला. पायदळाच्या वा घोडदळाच्या दुप्पट वेगाने आणि एक तृतीयांश खर्चात सायकलची तुकडी जाऊ शकते, असा निष्कर्ष निघाला. सायकलला दाणावैरण लागत नाही, ती खिंकाळत नाही, टापांचा आवाज नाही. कोणते टायर टिकले, कोणती रिम वाकली, सारे टिपून ठेवले गेले. सायकल परीक्षेत पास झाली!

आणि माणसे? त्यांना आगगाडीत बसवून परत मिसूलाला पाठवले. पुढच्या वर्षी मिसूलाहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याचा मॉसचा बेत वरिष्ठांनी नाकारला. तेवढ्यात १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले. पंचविसावी पलटण आघाडीवर जाणाऱ्या पहिल्या पलटणींपैकी एक होती. मिसूलाच्या गोऱ्या रहिवाशांनी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून तिला निरोप दिला. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातील एल कॅनीच्या लढाईत ती झुंजली. सायकलची तुकडी मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

मिंगो सँडर्स यांना काय मिळाले?

आता आम्ही सार्जंट मिंगो सँडर्स यांच्याकडे येतो. ते १८८१ साली भरती झालेले. मोंटानाच्या बर्फात होते, नेब्रास्काच्या वाळूत होते, क्यूबाच्या लढाईत होते. क्यूबात थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्वयंसेवक दलाजवळचे खाणे संपले तेव्हा सँडर्स यांच्या कंपनीने आपल्या वाटणीची कडक बिस्किटे त्यांना दिली, असे सांगितले जाते. हेच रूझवेल्ट पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

१९०६ साली पंचविसाव्या पलटणीच्या तीन कंपन्या टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावी पाठवल्या गेल्या. गावातल्या गोऱ्यांना काळे शिपाई नको होते. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री गावात गोळीबार झाला. दारूच्या दुकानातला एक नोकर ठार झाला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावकऱ्यांनी बोट दाखवले शिपायांकडे. पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितले की शिपाई बराकीत होते. शिपाई म्हणाले, आम्ही केले नाही, कोणी केले ते आम्हाला ठाऊक नाही. यावर सरकारने अर्थ लावला की हे सारे मिळून गुन्हेगाराला लपवत आहेत! खटला नाही, पुरावा नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने १६७ शिपाई एका फटक्यात बडतर्फ झाले. हा हुकूम नोव्हेंबरमधल्या निवडणुकीचे मतदान आटोपल्यावर जाहीर झाला, हेही ध्यानात घ्यावे. काळ्या मतदारांची मते तोवर पेटीत पडली होती.

त्या १६७ जणांत मिंगो सँडर्स होते. पंचवीस वर्षांची चाकरी, निवृत्ती तोंडाशी आलेली, आणि पेन्शन गेली. पलटणीचे माजी प्रमुख अँड्र्यू बर्ट यांनी त्यांच्या सचोटीची जाहीर ग्वाही दिली. सँडर्स यांनी वॉशिंग्टनला जाऊन अर्जविनंत्या केल्या. सिनेटर जोसेफ फोरेकर या शिपायांसाठी संसदेत भांडले. पण सँडर्स यांना ना नोकरी परत मिळाली, ना पेन्शन.

एक मनुष्य अर्ध्या दृष्टीने एकोणीसशे मैल सायकल चालवतो, लढाईत उभा राहतो, पाव शतक एक डाग लागू देत नाही. आणि एका रात्रीच्या अफवेवर त्याचे सारे आयुष्य पुसले जाते. नोकरीत कर्तबगारी दाखवूनही बढतीच्या वेळी, बदलीच्या वेळी, चौकशीच्या वेळी आपली जात आडवी आलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मिंगो सँडर्स परके वाटणार नाहीत.

मग न्याय कधी झाला? १९७० साली जॉन वीव्हर या लेखकाने जुनी कागदपत्रे धुंडाळून ब्राउन्सव्हिलवर पुस्तक लिहिले. ते वाचून ऑगस्टस हॉकिन्स या काळ्या संसद सदस्याने प्रश्न संसदेत नेला. १९७२ साली सैन्याने ती बडतर्फी रद्द केली आणि सर्वांची सेवामुक्ती सन्मानपूर्वक ठरवली. पण सहासष्ट वर्षे उलटली होती. सँडर्स केव्हाच वारले होते. डॉर्सी विलिस हे वृद्ध शिपाई तेवढे भरपाई घ्यायला हयात होते. बडतर्फ झाले तेव्हा वीस वर्षांचे. नंतर मिनियापोलिस शहरात केशकर्तनालयात लोकांचे बूट पॉलिश करून त्यांनी अनेक दशके पोट भरले. त्यांना पंचवीस हजार डॉलर मिळाले. १९७२ हेच वर्ष, जेव्हा मुंबईत आपल्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभारली.

आपल्याकडे त्याच काळी

मिसूलाच्या शिपायांनी सायकली हाकल्या त्या वर्षी बाबासाहेब सहा वर्षांचे होते. त्यांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात चाकरी केलेल्या महार समाजाला ब्रिटिश सरकारने १८९०च्या दशकात भरतीचे दार बंद केले. कारण काय? कोणती जात लढाऊ आणि कोणती नाही, याचा नवा कागद साहेबांनी तयार केला होता. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. तरी तेव्हा दार उघडले नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

दोन देश, दोन समाज, गोष्ट मात्र एका वळणाची. शौर्य दोघांनीही दाखवले होते. पराक्रम सिद्ध केला म्हणजे वरचा आपणहून न्याय करील, ही आशा दोन्हीकडे खोटी ठरली. न्याय आला तो कोणी तरी अर्ज लिहिला, कागद जपला, संसदेत वा सरकारदरबारी प्रश्न नेला, संघटना उभी केली तेव्हा. ब्राउन्सव्हिलच्या अन्यायावर ज्यांनी कडाडून टीका केली त्यांत काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. त्याच ड्यू बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. अस्पृश्यांनाही तसे काही करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात होता. बाबासाहेबांनी मागितला तो अर्जाचा कागद, हे आमच्या तरुणांनी लक्षात घ्यावे.

वहीत उतरवून ठेवा

त्या सायकल प्रवासाविषयी आज जे वाचायला मिळते ते मुख्यतः लेफ्टनंट मॉसचे अहवाल आणि बातमीदार बूसच्या बातम्या यांतून. दोघेही गोरे. शिपायांच्या सायकली किती पौंडांच्या होत्या हे त्यातून कळते. पण वाळूत रात्री तंबूत पडल्यावर सार्जंट सँडर्स आपल्या माणसांशी काय बोलले, घरी कोणाची आठवण काढली, पाय सुजल्यावर काय लावले, हे त्या कागदांत कोण लिहिणार?

तरीही ती वाट विसरली गेली नाही. १९७४ साली मोंटाना विद्यापीठातील काही जण मिसूलाहून सेंट लुईसपर्यंत त्याच वाटेने सायकलवर गेले. २०२२ साली, प्रवासाला सव्वाशे वर्षे झाली तेव्हा, एरिक सेडेनो हा सायकलस्वार तीच वाट पुन्हा चालून गेला. कोणी आठवण ठेवली तर वाट राहते.

आपल्या घरातही अशी माणसे आहेत. कोणी चाळीस वर्षे सायकलवर टपाल वाटले, कोणी मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी रात्रीच्या पाळीनंतर पेपर टाकले, कोणी डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन पायी नागपूर गाठले. त्यांची गोष्ट कोणत्याही अहवालात नाही. तेव्हा आमचे सांगणे एवढेच की या रविवारी घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने वही घेऊन आजोबांजवळ, आजीजवळ बसावे. कुठून निघालात, किती चाललात, काय खाल्लेत, कोणी अडवले, कोणी पाणी दिले, हे विचारावे आणि ते बोलतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गावाचे नाव आणि साल तेवढे लिहायला विसरू नये.